पावसाच्या दिवसांची शाळा

फेब्रुवारीतल्या एका दुपारी ट्विला माझ्या दारात उभी राहिली. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि हिच्या दोन्ही हातांत भलामोठा आइसबॉक्स.

"या थंडीत आइसबॉक्स?" मी विचारलं. "आत काय आहे?"

"पाऊस," ती म्हणाली. "एकतीस वर्षांचा. सरक, जड आहे."

तिने तो माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आदळला आणि झाकण उघडलं. आत खिशात मावतील एवढ्या डायऱ्या, बियाण्यांच्या दुकानातून नाताळात फुकट मिळतात तसल्या. एकतीस. तिच्या सासूच्या, इर्माच्या. इर्मा एकतीस वर्षं सुगीच्या टोळीबरोबर हिंडली, टोळीला रांधून घातलं, आणि रोज एक ओळ लिहिली. एकच. वर तारीख, खाली ओळ. "गहू ओला. ब्रेड भाजले." "वारा. दोन ट्रक भरले." "पाऊस. सगळे झोपले."

"तुला फक्त पाऊस शोधायचाय," ट्विला म्हणाली, आणि अर्धा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. "मे ते नोव्हेंबर. पाऊस दिसला की गाव आणि तारीख सांग. मी खुणा करते."

"कशासाठी?"

"नेलच्या शाळेसाठी." नेल म्हणजे तिची मुलगी.

ट्विलाबद्दल आधी थोडं सांगते, नाहीतर हे सगळं वेडेपणाचं वाटेल. तसं ते होतंच, पण त्याला एक रीत होती.

ट्विलाचे वडील तेलाच्या पाइपलाइन टाकायचं काम करायचे. काम सरकेल तसं घर सरकायचं. बारावीपर्यंत तिने चौदा शाळा केल्या आणि चौदाही ठिकाणी ती 'नवी मुलगी' होती. एकोणिसाव्या वर्षी ती गर्टसनांच्या, म्हणजे इर्माच्या घरच्या टोळीत तिच्या हाताखालची स्वयंपाकीण म्हणून आली. पहिल्याच आठवड्यात तिने दोन भांडी आणि एक पडदा जाळला. आठव्या दिवशी इर्माने तिला चुलीपासून उठवून हार्वेस्टरवर बसवलं, आणि ही बाई सरळ रेषेत अशी गेली की मागे उरलेलं धसकट पाहून म्हातारे शेतकरी टोपी मागे सरकवायचे. दोन वर्षांनी इर्माच्या मुलाशी, डेल्मरशी, तिचं लग्न झालं. ट्विला सहा फूट उंच, हात फावड्यासारखे, आणि आवाज असा की शेताच्या या टोकाला हसली तर त्या टोकाचा ट्रकवाला ब्रेक मारील. मी त्या टोळीतली ट्रकवाली; हिवाळ्यात गावच्या नाटकांना प्रॉम्प्टिंग करते. आठ सुगी झाल्या. त्यामुळे मला माहीत आहे.

आमची टोळी गव्हाच्या मागे चालते. मे महिन्यात टेक्सासात गहू पिकतो, तिथून तो वर वर पिकत जातो: ओक्लाहोमा, आमचं कॅन्सस, नेब्रास्का, डकोटा, आणि ऑगस्टात मोंटाना. आम्ही हार्वेस्टर ट्रकवर चढवतो, चाकांवरची घरं मागे जोडतो आणि त्याच्या पाठोपाठ जातो. परतताना मका, सोयाबीन. नोव्हेंबरच्या अखेरीस घरी.

आणि नेल त्या एप्रिलात सात वर्षांची होणार होती. आमच्याकडे सातव्या वर्षी शाळा लागते. कायद्याने.

नाताळातच इर्माने विषय काढला होता. सत्तरीची बाई, कंबरेचं हाड मोडल्यापासून काठी घेऊन चालणारी, पण बोलताना काठी लागत नाही. "पोरगी माझ्याकडे राहील. शाळा समोरच आहे. तुम्ही जा गव्हामागे."

"मी शिकवीन तिला," ट्विला म्हणाली. "गाडीतच. कितीतरी लोक घरी शिकवतात."

"घरी! घर म्हणजे चार भिंती, त्या जागच्या जागी. खुर्ची हलली की अक्षर हलतं."

"इर्मा, ती जेमतेम सात वर्षांची होईल. सात महिने आईबापांवाचून?"

"डेल्मर राहिलाच ना माझ्या आईकडे. सात वर्षांचाच होता. काय वाईट झालं त्याचं?"

डेल्मर बटाटे खात होता. त्याने मान वर केली नाही. "एक वर्ष दे, आई," एवढंच म्हणाला. "एक वर्ष तिला करून बघू दे."

मग ठरलं. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला, सगळे परत आले की, इर्मा दुसरीच्या वाचनाच्या पुस्तकातलं कुठलंही पान उघडणार. नेलने ते वाचलं, तर ती टोळीबरोबर हिंडणार. नाही वाचलं, तर नाताळानंतर समोरची शाळा, आणि पुढच्या मे महिन्यात आईबापांना दारातून हात हलवायचा.

नेलला तेव्हा थोडीफार अक्षरं ओळखता यायची. पण जुळवायला गेली की ती शेळ्यांसारखी चौफेर पळायची.

म्हणून पाऊस. गहू कोरडा असेल तर आमच्यात कुणाला पाणी प्यायला फुरसत नसते. सकाळी दव वाळलं की सुरू, ते अंधार पडून गहू सादळेपर्यंत. पण पाऊस पडला की सगळं ठप्प. हार्वेस्टर उभे, माणसं आडवी. आख्ख्या दिवसाला धनी नाही. "वाचायला बसायचं तर तसा दिवस हवा," ट्विला म्हणाली. "मध्येच उठून ट्रकला डिझेल घालायचं नाही. आई पुढ्यात, पुस्तक पुढ्यात, आणि छपरावर पाऊस."

तीन दुपारी आम्ही एकतीस वर्षांचा पाऊस वेचला. तिने भलामोठा तक्ता केला. टेक्सासात सरासरी पाच दिवस. ओक्लाहोमात सात. कॅन्ससात आठ, नेब्रास्कात सहा, डकोटात पाच, मोंटानात चार. पस्तीस. परतीच्या मक्यात दहा. एकूण पंचेचाळीस.

तिने पिशवीतून वाचनाचं पुस्तक काढून माझ्या नाकासमोर धरलं. "किती धडे आहेत बघ."

पंचेचाळीस.

अंगावर काटा आला, खरं सांगते. एका बाईने एकतीस वर्षं, कसलाही हेतू नसताना, रोज एक ओळ लिहावी, आणि त्यातून तिच्या नातीचं वर्ष असं बेतून निघावं, शिवणाऱ्याने माप घेतल्यासारखं. ट्विलाने सरकारी अर्ज भरला. आमच्याकडे घरी शिकवायचं तर शाळेला नाव द्यावं लागतं. तिने लिहिलं: गर्टसन पावसाळी शाळा.

आता हसू येतं. पण त्या टेबलाशी बसलेल्या कुणालाही हे चुकेल असं वाटलं नसतं. गव्हाच्या माणसाला आकाशाचाच हिशोब येतो, आणि आकाशावर हिशोब मांडू नये हेच त्याला कळत नाही.

अकरा मेला निघालो. ट्विलाच्या पिकअपमध्ये पुढे ती आणि नेल, मधे आइसबॉक्स. डायऱ्या त्यातच ठेवलेल्या, कारण इर्माने बजावलं होतं, "धूळ लागली तर तुझी धडगत नाही." पुस्तकांची पेटी मागच्या घरात, पलंगाखाली. पावसाच्या दिवसासाठी.

संध्याकाळी टेक्सासात व्हर्नन गावाच्या बाहेर थांबलो. मी पिकअपच्या दाराला टेकून कॉफी पीत होते. नेलने आकाशाकडे बघितलं. निळं, घासून पुसून ठेवल्यासारखं.

"आज आजीकडे पाऊस पडला होता का?" तिने विचारलं.

"बघू या," ट्विलाने आइसबॉक्स उघडला. एकेक डायरी काढायची, अकरा मेचं पान, बोट ठेवायचं, वाचायचं. "इथे वारा. इथे टायर फुटला. इथे पाऊस! बघ, हा 'पाऊस' शब्द." नेलने त्या शब्दावरून बोट फिरवलं. इर्माचं अक्षर जोडून लिहिलेलं, एका दमात, हात न उचलता. मग ट्विलाने आणखी एक डायरी उघडली. वाचली. तिचं बोट थांबलं.

"काय आहे?" नेल म्हणाली.

"काही नाही. पाऊस नाही." आणि तिने ती मिटली.

मी बघितलं. रंगमंचावर कुणी संवाद गाळला की मला लगेच कळतं. पण मी विचारलं नाही.

टेक्सासात पाऊस पडला नाही. तक्त्यावर पाच चौकोन कोरे.

"मास्तरीणबाई," फिन्टन गाड्यांमधल्या बोलायच्या रेडिओवरून म्हणायचा, "आज शाळेला सुट्टी का?" फिन्टन आमचा आयरिश हार्वेस्टरवाला, पन्नाशीचा, दरवर्षी विमानात बसून येतो. "आमच्या गावाहून मागवू का पाऊस? पोस्टाने येईल. आमच्याकडे एवढा आहे, की आम्ही तो ख्रिसमसला भेट देतो."

"मागव," ट्विला म्हणायची. "आणि गप्प गहू काप."

ओक्लाहोमात एका दुपारी पश्चिमेला काळं दिसलं. आख्खी टोळी मान वर करून उभी. तसं पाहिलं तर पाऊस म्हणजे आमचं नुकसान. पण त्या दिवशी डेल्मरसुद्धा देवाला काहीतरी पुटपुटताना मी पाहिला. ट्विला हार्वेस्टरवरून उडी मारून धावली. चाकांवरच्या घरात टेबल पुसलं, पेटी ओढली, पुस्तक काढलं, पेन्सिलीला टोक केलं. नेल केस विंचरून येऊन बसली. हात मांडीवर. धडा पहिला.

छपरावर टप्. टप् टप्.

मी बाहेर उभी राहून मोजले. सात थेंब. मग ढग आमच्या डोक्यावरून असा गेला, की जणू त्याला दुसऱ्याच गावचं बोलावणं होतं. ऊन पडलं. आतून ट्विलाचा आवाज आला, "पुस्तक मीट, राणी." आणि मग रेडिओवर डेल्मर, अगदी हळू: "ट्विला... गहू कोरडा आहे गं."

पेटी पुन्हा पलंगाखाली गेली. त्या वर्षी ती परत उघडली नाही.

असं कोरडं वर्ष इर्माच्या एकाही डायरीत नव्हतं. कॅन्ससात गहू गुडघ्याएवढाही उंच नव्हता. आम्ही जिथे तीन आठवडे काढायचो तिथून नऊ दिवसांत निघालो. ट्विलाचा तक्ता भिंतीवर कोरा. जाताना ती त्याच्याकडे बघायची नाही. एकदाच मला म्हणाली, ट्रकला ताडपत्री बांधताना, "पंधरावी शाळा. ही तर मीच काढली आणि मीच बुडवली." दोरी इतकी आवळली की ती तुटली.

एक गोष्ट मात्र रोज व्हायची. त्याला कुणी शाळा म्हणत नव्हतं. सकाळी दव वाळायची वाट बघत आम्ही शेताच्या कडेला उभे असायचो. डेल्मर चार दाणे दाताखाली धरायचा. कडकन फुटले तर सुरू, मऊ चेपले तर थांबा. त्या अर्ध्या-पाऊण तासात नेल पिकअपमध्ये मांडी घालून बसायची आणि विचारायची, "आज आजीकडे पाऊस होता का?" मग एकतीस डायऱ्या. एकतीस ओळी. रोज.

जूनमध्ये 'पाऊस' ती स्वतः शोधायला लागली. मग 'वारा'. मग 'ब्रेड', कारण इर्मा सारखे ब्रेडच भाजायची. आम्हाला वाटलं, खेळ आहे.

नेब्रास्कात एका सकाळी ट्विला हार्वेस्टरखाली वंगण घालत होती, मी ट्रकच्या काचा पुसत होते, आणि सगळ्यांच्या रेडिओवर एक बारीक आवाज आला.

"हवामानाचा अंदाज. सन एकोणीसशे त्र्याण्णव." थांबली. श्वास. "रात्रभर पाऊस. शेतात... तळं. बदकं आली. कुणीही... बाहेर पडू नये."

कुणी हललं नाही. ट्विला यंत्राखाली होती. तिचे नुसते बूट दिसत होते. ते बूटसुद्धा थांबले.

फिन्टनने रेडिओ उचलला. "हवामान खात्याची आज्ञा शिरसावंद्य. मी चाललो झोपायला."

"फिन्टनकाका, हे त्र्याण्णवचं आहे!"

"मग त्र्याण्णवात झोपतो. पुढे वाच, बाळ."

तिने पुढे वाचलं. शहाण्णव. दोन हजार एक. ट्विला यंत्राखालून बाहेर आली, तोंडावर ग्रीसचा पट्टा, आणि गव्हाच्या कडेला मटकन बसली. समोर मैलोन् मैल तो गहू, आखूड, फिकट, पण उन्हात पेटल्यासारखा. त्यावर तेवढंच मोठं आकाश. आणि त्या सगळ्याच्या मधून एक सात वर्षांची पोर तिच्या आजीचे जुने दिवस वाचत होती. मी खूप नाटकं पाहिली आहेत. असा पडदा उघडताना कधी पाहिला नाही.

"मी शिकवलं नाही हिला," ट्विला माझ्याकडे बघून म्हणाली. "देवाशप्पथ. मी फक्त पाऊस शोधत होते."

तेव्हापासून रोज सकाळी अंदाज. मोंटानापर्यंत ती अडखळायची बंद झाली होती. रेडिओवर आवाज बदलून वाचायची; 'गारपीट' असली की घोगरा. फिन्टन म्हणायचा, अशी बातमी आमच्या देशात लावली तर लोक पावसासाठीही पैसे मोजतील.

थँक्सगिव्हिंगच्या दिवशी आम्ही इर्माकडे गेलो तेव्हा ट्विला शिट्टी वाजवत होती. इर्माच्या घरात टर्की भाजल्याचा वास, आणि तिचे ते एकावर एक दोन गोळे बसवलेले झ्वीबाख पाव, टोपलीभर. डेल्मरने येताच एक उचलला आणि इर्माने काठीने त्याच्या हातावर फटका दिला. "आधी परीक्षा. मग पाव."

तिने वाचनालयातून आणलेलं पुस्तक टेबलावर ठेवलं. मधलंच पान उघडलं. कोल्ह्याचं चित्र, खाली आठ ओळी.

"हं, नेल. सावकाश."

नेल खुर्चीवर सावरून बसली. पानाकडे बघितलं. बोट पहिल्या शब्दावर ठेवलं. "को..." तिने ओठ मिटले. पुढच्या शब्दावर गेली. परत पहिल्यावर आली. घड्याळाचा आवाज येत होता.

"घाई नाही," इर्मा म्हणाली.

"कोल्हा," नेल म्हणाली, पण चित्राकडे बघून. मग एकदम तिने आईकडे पाहिलं. "आई, ही कुठली अक्षरं आहेत?"

ट्विलाचा चेहरा असा झाला, जणू भरल्या ट्रकचा मागचा फाळका सुटल्याचं आरशात दिसलं. मी तिच्या शेजारी होते. मलाही त्याच क्षणी कळलं. सात महिन्यांत या पोरीने छापलेलं पुस्तक उघडलंच नव्हतं. तिला एकाच बाईचं, जोडून लिहिलेलं अक्षर येत होतं.

"ही एकमेकांचा हात धरत नाहीत," नेल म्हणाली. "सगळी सुटी सुटी उभी आहेत."

इर्माने पुस्तक हळूच मिटलं. ती दुष्ट बाई नाही. "ट्विला, मला आनंद होत नाहीये. पण ठरलं होतं तसं—"

"आई, ऐकून तरी—" डेल्मर म्हणाला.

"मी काय ऐकू? पोरीला वाचता येत नाही!"

"येतं!" नेल ओरडली. खुर्ची मागे पडली. ती अंगणात पळाली, आणि दोन मिनिटांनी तो आइसबॉक्स दोन्ही हातांनी फरशीवरून फरफटत घेऊन आली. झाकण उघडलं, आत शोधलं, एक डायरी काढली. तिच्यात गव्हाची काडी खूण म्हणून ठेवलेली होती. "मला हे येतं. सगळं येतं. हे बाबांचं पान आहे, बाबांचं नाव आहे यात."

ट्विला उठली. "नेल, ते नको, दुसरं—"

पण नेल वाचायला लागली होती. रेडिओवरच्या आवाजात. स्वच्छ.

"दहा मे. ट्रक धुतले. एकोणीस पाव. अकरा मे." तिने श्वास घेतला. "डेल्मरला आईकडे ठेवून निघाले. ट्रकमध्ये खूप जागा. बारा मे. ट्रकमध्ये खूप जागा. तेरा मे. पाऊस. दिवसभर बसून. काही सुचलं नाही."

टेक्सासात ट्विलाने गाळलेली ओळ ती हीच. मे महिन्यात ती आईला गाळता आली, कारण पोरीला वाचता येत नव्हतं. आता कुणाच्या बापाला गाळता येणार नव्हती.

"आजी," नेलने मान वर केली, "खूप जागा म्हणजे चांगलंच ना? पाय पसरता येतात."

बोलला तो डेल्मर. त्या माणसाचं रोजचं बोलणं एका पोस्टकार्डावर मावेल.

"तू मला सांगितलं होतंस, ट्रकमध्ये जागा नाही म्हणून."

"हो."

"मी जाताना बघितलं होतं. मागे भांड्यांची खोकी होती. मला वाटायचं, एक खोकं कमी असतं तर..."

"तुला राग माझ्यावर यायला नको, ट्रकवर यावा, म्हणून सांगितलं." इर्माने काठी टेबलाला टेकवली, ती घसरून पडली, कुणी उचलली नाही. "जागा होती. आख्खा रस्ता जागाच होती, डेल्मर. मी तिथे माझी टोपली ठेवली. मग काढली. मग परत ठेवली." मग ती नेलकडे वळली. "नाही गं बाळ. काही काही जागा चांगली नसते."

बाहेर कुणाचा तरी कुत्रा भुंकला आणि थांबला. इर्माने पुस्तक पुन्हा ओढलं. कोल्ह्याचं पान. खणातून कागद आणि पेन्सिल काढली. चष्मा लावला. आणि लिहायला लागली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. एका दमात, हात न उचलता, ते तिचं अक्षर. आठ ओळी लिहायला तिला बराच वेळ लागला. टर्की गार होत होती. आम्ही पाच माणसं त्या पेन्सिलीच्या आवाजाकडे कान लावून बसलो होतो, देवळात बसावं तशी.

तिने कागद नेलपुढे सरकवला.

"कोल्ह्याला नदी ओलांडायची होती," नेल म्हणाली, आणि थांबलीच नाही. पूल मोडला, कोल्हा घाबरला, कासव हसलं. कासव हसताना आवाज बदलून हसलीसुद्धा. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून तिने ते उचललं, तेव्हा फिन्टन बोटीचा भोंगा वाजावा तसा मोठ्यांदा रडत होता. तो त्या वर्षी परत गेलाच नव्हता, टर्कीसाठी थांबला होता.

"ठरलं होतं पुस्तकातलं पान वाचायचं," इर्मा म्हणाली. चष्मा काढून तिने तो एप्रनला पुसला. "पान वाचलं. कुणाच्या अक्षरातलं, ते काही ठरलं नव्हतं."

ट्विलाने तोंडावर हात ठेवला. ते फावड्यासारखे हात.

"पण छापील यायलाच हवं!" इर्माचा आवाज जागेवर आला. "डिसेंबर ते एप्रिल, रोज सकाळी नऊ, याच टेबलाशी. एक ओळ माझ्या अक्षरात, तीच खाली छापील. पाऊस असो, बर्फ असो, चक्रीवादळ असो. आणि ट्विला, पुढच्या वर्षीच्या तक्त्यात पावसाचे दिवस किती धरलेस?"

"एकही नाही."

"दोन-चार धर. पाऊससुद्धा कधीतरी यायचाच. डेल्मर, आता पाव खा. बघतोस काय?"

डेल्मरने पाव घेतला. वरचा गोळा तोडून त्याने आईच्या ताटलीत ठेवला. लहानपणी करत असेल तसा.

या मे महिन्यात निघालो तेव्हा इर्मा अंगणात आली होती. ट्विलाच्या पिकअपमध्ये मधे आइसबॉक्स, पायाशी पुस्तकांची पेटी, तिच्यावर झ्वीबाखची टोपली, दोन चादरी, पाण्याचा कॅन, आणि या सगळ्याच्या वर, गुडघे हनुवटीला लावून, नेल. तिच्या हातात कोरी डायरी. यंदाची. रोज एक ओळ, असं आजीने बजावलेलं.

इर्माने खिडकीतून डोकं आत घातलं. "काय गं, जागा आहे का गाडीत?"

"अजिबात नाही!" नेल ओरडली.

"छान," इर्मा म्हणाली, आणि काठी काखेत धरून दोन्ही हातांनी दार लोटून बंद केलं.